पुढे अभय, पाठीशी नम्रता : विनोबांचे अंतरीचे युद्ध

॥ श्रीपांडुरंग प्रसन्न ॥

गळ्यात माळ पडली म्हणजे लढाई संपली, अशी पुष्कळ भाविकांची समजूत असते. खरी गोष्ट अगदी उलट आहे. माळ पडते त्या दिवशी लढाईला आरंभ होतो. ज्याने परमार्थाचे नावच कधी घेतले नाही, त्याच्या वाटेला काम-क्रोध कशाला जातील? तो तर त्यांच्याच घरचा. घर सोडून निघालेल्याचीच वाट अडवली जाते. म्हणून तर गीता रणांगणावर सांगितली गेली, आणि तिच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने कळवळून विचारले की, देवा, इच्छा नसतानाही मनुष्य पापाकडे ओढला जातो तो कोणाच्या जोराने? भगवंतांनी वैऱ्याचे नाव सांगितले, त्याचे राहण्याचे ठिकाणही सांगितले. तो बाहेर नाही. इंद्रिये, मन आणि बुद्धी यांतच त्याचे ठाणे आहे.

हा विचार आपल्याच घरचा आहे असे मात्र कोणी समजू नये. आमची कीर्तने बहुतेक अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड या किनारपट्टीवर होतात. रेवदंड्यापलीकडे कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज १७४० साली तेथून गेले. पण किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती राहिली, तिचे देऊळ राहिले, आणि पोर्तुगीजांच्या बोलीचा अंश असलेली तिची भाषाही राहिली. जसा आपला चातुर्मास, तसा या मंडळींचा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. या व्रतामागे त्यांच्या ग्रंथातली एक कथा आहे, ती आपल्या साधकांनीही ऐकण्यासारखी आहे.

येशू लोकांत उपदेशाला निघण्यापूर्वी अरण्यात गेला आणि चाळीस दिवस उपाशी राहिला. भूक लागली तेव्हा भुलवणारा सैतान पुढे आला. पहिल्याने तो म्हणाला की, तू देवाचा पुत्र आहेस तर या धोंड्यांच्या भाकरी कर. मग मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणाला की, येथून उडी टाक, देवदूत तुला वरचेवर झेलतील. शेवटी उंच डोंगरावरून पृथ्वीवरची सगळी राज्ये दाखवून म्हणाला की, मला एक नमस्कार कर, हे सर्व तुझे. तिन्ही वेळा येशूने स्वतःच्या अकलेचा वाद घातला नाही. लहानपणापासून पाठ असलेले देववचन तेवढे पुढे केले आणि भुलवणारा निघून गेला. याच धर्मातला पौल नावाचा महात्मा आपल्या पत्रात साधकाला शस्त्रे देतो : सत्याचा कंबरपट्टा, नीतीचे चिलखत, श्रद्धेची ढाल आणि देववचनाची तलवार. आपल्या संतांनीही शब्दांचीच शस्त्रे केली, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको.

भाकर, शिखर आणि राज्य, असे हे तीन मोह. पहिला पोटाचा, दुसरा मोठेपणाचा, तिसरा सत्तेचा. हे तिन्ही ज्यांच्या वाटेत पुरेपूर आले आणि तिन्हींतून जे पार झाले, असे एक सत्पुरुष आपल्या रायगड जिल्ह्यातच जन्मले. आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र आम्ही आज त्या दृष्टीने सांगणार आहोत. विनोबांनी ख्रिस्ती धर्मग्रंथाचा आदराने अभ्यास केला होता आणि नव्या करारातील निवडक वचनांचे ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सिद्ध केले होते. तेव्हा ही तुलना कोणाला परकी वाटण्याचे कारण नाही.

पेण तालुक्यात, खाडीपासून आत डोंगराच्या कुशीत गागोदे हे लहानसे गाव. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी नरहरपंत भावे आणि रुक्मिणीबाई यांच्या पोटी विनायकाचा जन्म झाला. आजोबा शंभूराव मोठे व्रतस्थ. चांद्रायण व्रतात चंद्रकलेबरोबर घास वाढवीत, तिच्याबरोबरच कमी करीत. एकदा पूजेच्या वेळी देवावर विंचू येऊन बसला. घरात आरडाओरड झाली, पण आजोबांनी त्याला मारू दिले नाही. देवाच्या आश्रयाला आलेला आहे, त्याला राहू द्या, एवढेच सांगितले. विंचू आपल्या पायाने निघून गेला. गणेशचतुर्थीला आजोबा घरच्या मुलांना चंदन उगाळायला बसवीत, त्याचा गणपती करीत, भक्तीने पूजीत आणि मग त्याच हातांनी विसर्जन करीत. जीव लावावा आणि वेळ येताच सोडावे, हा धडा पोराने गागोद्याच्या ओसरीवरच गिरवला.

वडील बडोद्यास नोकरीला होते. एका दिवाळीला ते येणार म्हणून विनायक खाऊची वाट पाहत होता. वडिलांनी हातात पुडके दिले. ते चपटे लागले, तेव्हा आत लाडू-पेढे नाहीत हे पोराच्या ध्यानात आले. उघडून पाहतो तो मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके! आईला दाखवताच तिचे डोळे भरून आले. यापेक्षा गोड खाऊ वडिलांनी तुला दुसरा कोणता द्यावा, असे ती म्हणाली. जिभेचा लोभ कसा वळवावा, हे त्या माउलीने एका वाक्यात दाखवले. गोडी मारली नाही, तिला अधिक गोड जागा दिली.

आणखी एक गोष्ट त्या माउलीचीच. लहानपणी भिंतीवर भली मोठी सावली पाहून विनायक घाबरला आणि आईकडे धावला. आईने समजावले की, अरे, भितोस कशाला? ती तर तुझी दासी आहे. तू बसलास की बसेल, तू उठलास की उठेल. पोराने करून पाहिले आणि भय गेले. भुताची भीती वाटली तर रामनाम घे, हेही तिनेच शिकवले. साधकहो, मोहाचे रूपही या सावलीसारखेच आहे. दिवा मागे ठेवला की सावली पुढे येते आणि आपल्याहून मोठी दिसते. दिव्याकडे तोंड केले की तीच सावली पाठीशी पडते.

आता पहिला मोह, भाकरीचा. दहाव्या वर्षाच्या सुमारास विनायकाने ब्रह्मचर्याचा संकल्प केला. अनवाणी चालावे, जमिनीवर निजावे, अशी देहाला सवय लावली. पुढे कुटुंब बडोद्यास गेले, विनायक कॉलेजात गेला. गणितात बुद्धी तल्लख, संस्कृताची आवड. त्या काळी एवढी विद्या म्हणजे सरकारी नोकरी आणि पेन्शन हातात असल्यासारखेच. एके दिवशी आई चुलीपाशी असताना विनायक तेथे बसला आणि एकेक कागद चुलीत घालू लागला. आईने विचारले तेव्हा कळले की ती शाळा-कॉलेजची प्रशस्तिपत्रे आहेत. आज नाही तरी उद्या उपयोगी पडतील, असे ती माउली म्हणाली. ती कधी उपयोगी पडूच नयेत म्हणून जाळतो, असा मुलाचा भाव होता. मोह दाराबाहेर गेल्यावर पुष्कळ जण दार लोटून घेतात, पण कडी लावत नाहीत. विनायकाने कडी लावली.

२५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला. सुरतेला उतरला आणि थेट काशीची वाट धरली. मनात दोन ओढी होत्या. एक हिमालयाची, ध्यान करावे म्हणून. दुसरी बंगालची, देशासाठी क्रांती करावी म्हणून. काशीत अन्नछत्रात जेवावे, गंगेच्या काठी बसावे, ग्रंथ वाचावे, असे दिवस गेले. तेथे महात्मा गांधींच्या हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाची वार्ता वाचनात आली, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळ कोचरब आश्रमात भेट झाली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती एकाच ठिकाणी सापडली, असे विनोबा पुढे सांगत. पहिल्या भेटीला गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी पाहुण्याच्या हातीही चाकू दिला. ब्रह्मजिज्ञासेचा आरंभ भाजीपासून झाला!

पुढे एका वर्षाची सुटी घेऊन विनोबा वाईस गेले. तेथे प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, पुढे जे केवलानंद सरस्वती झाले, त्यांच्यापाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य यांचे अध्ययन केले. आमच्यासारख्या पाठशाळेत वाढलेल्या माणसाला या जागेचा मोह चांगला कळतो. शास्त्राची गोडी लागली, गुरू प्रसन्न आहेत, कृष्णेचा घाट आहे, मग माघारी कोण जातो? विनोबा वर्ष पुरे होताच ठरल्या दिवशी आश्रमात हजर झाले. वाईट गोष्टीचा मोह ओळखता येतो. चांगल्या गोष्टीचा मोह ओळखायला शास्त्राहून अधिक काही लागते.

१९२१ साली ते वर्ध्याच्या आश्रमात आले. पुढची वीस वर्षे देशाला त्यांचे नावही फारसे ठाऊक नव्हते. कातावे, विणावे, झाडावे, शिकवावे, असा क्रम. आईने एकदा म्हटले होते की, संस्कृत गीता कळत नाही, सोपी मराठी गीता तूच का करीत नाहीस? १९१८ साली आई गेली, पण शब्द मनात राहिला. १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ सिद्ध झाली आणि १९३२ साली छापली गेली.

त्याच १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली. सानेगुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून आपल्याला ‘गीता प्रवचने’ लाभली. त्यांतले सोळाव्या अध्यायावरचे प्रवचन म्हणजे आमच्या आजच्या निरूपणाचा गाभा. भगवंतांनी दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगितले आहेत. विनोबांनी त्यांची सेना मांडून दाखवली. सेनेच्या तोंडाशी अभय आणि सेनेच्या शेवटी निरभिमानता, म्हणजेच नम्रता. बाकीचे सारे गुण या दोघांच्या मध्ये सुरक्षित. का म्हणाल? काही वैरी समोरून चालून येतात, त्यांना अभय अडवते. पण सद्गुण वाढू लागले की एक वैरी मागच्या बाजूने शिरतो, आणि त्याचे नाव अहंकार. तेथे नम्रतेची चौकी नसेल तर जिंकलेली लढाई माणूस हरतो. पौलाने साधकाला ढाल दिली, तलवार दिली; विनोबांनी पाठीशी पहारा कोणाचा ठेवावा तेही दाखवले. वाचकांनी एवढे एक जरी ध्यानात धरले तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले.

दुसरा मोह शिखराचा. १९३८ साली विनोबांचा देह फारच खंगला. कोठे तरी थंड हवेच्या ठिकाणी जावे असे सांगण्यात आले. त्यांनी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. धाम नदीच्या पुलावरून जाताना त्यांनी मनात तीन वेळा सर्व संकल्पांचा संन्यास उच्चारला. आश्रमाची, संस्थांची, कामाची सगळी चिंता नदीच्या अलीकडे राहिली. थोडे खणणे आणि पुष्कळ विश्रांती, असा क्रम ठेवला आणि देह सुधारला. तेथील जमीन खणताना एक शिल्प सापडले, भरत आणि रामाच्या भेटीचे. असे दर्शन व्हावे ही इच्छा विनोबांनी धुळ्याच्या प्रवचनांत बोलून दाखवली होती. त्या भरत-रामाची पवनारला स्थापना झाली. हा भरत कोण, ते रामकथा ऐकणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. चालून आलेले राज्य ज्याने पादुकांच्या पायी ठेवले, तो. पुढच्या परीक्षेची खूण देवाने जणू आधीच जमिनीतून वर काढली.

ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींनी त्यांना पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडले आणि विनोबा हे नाव देशभर झाले. शिखरावर उभे राहणे म्हणतात ते हेच. मग विनोबांनी काय केले? तुरुंगातून सुटल्यावर पुढे १९४६ पासून पवनारजवळच्या सुरगावला रोज पायी जाऊन, खांद्यावर फावडे घेऊन, त्यांनी गावची घाण उचलली. पाऊस असो, चिखल असो, सूर्य जसा रोज उगवतो तसा हा मेहतर रोज येई. लोक डोक्यावर घेऊ लागले की आपण फावडे उचलावे, ही त्यांची युक्ती.

तिसरा मोह राज्याचा. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी हरिजनांनी विनोबांपाशी जमीन मागितली. ऐंशी एकर मिळाली तर पोट भरेल, असे त्यांचे म्हणणे. विनोबांनी प्रार्थनासभेत सहज विचारले की, गावातले कोणी देईल काय? रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून शंभर एकर देऊ केली. तेथून भूदानाची गंगा निघाली. विनोबा सुमारे तेरा वर्षे चालत राहिले आणि चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे त्यांच्या हाती आली. त्यांतली सगळी कसण्याजोगी नव्हती. सगळी वाटलीही गेली नाही, हे खरे आहे आणि ते लपवण्यात पुण्य नाही. पण आपला मुद्दा निराळा. डोंगरावर नेऊन पृथ्वी दाखवावी तशी ही जमीन ज्याच्यापुढे आली, त्याने स्वतःच्या नावावर गुंठाभरही घेतली नाही. चळवळीभोवती समित्या झाल्या, निधी आला. १९५६ च्या अखेरीस त्यांनी निधी सोडला आणि समित्याही विसर्जित केल्या. गागोद्याच्या चंदनाच्या गणपतीची आठवण होते ती अशी.

या चालण्यात अभयाचीही परीक्षा झाली. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारात देवघरला वैद्यनाथाच्या दर्शनाला ते हरिजनांसह गेले असता मंडळींवर मार पडला, विनोबांच्या कानालाही लागले. मारणारांना शिक्षा होऊ नये, असे त्यांनी जाहीर सांगितले. १९५५ मध्ये जगन्नाथपुरीला बरोबरच्या फ्रेंच बाईंना आत घेणार नाहीत असे कळल्यावर ते स्वतः दर्शनावाचून परतले. केरळात गुरुवायूरला ख्रिस्ती सहकाऱ्यांसाठी असेच माघारी फिरले. देवाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरणे हे वारकऱ्याला केवढे कठीण! पण एकट्याला मिळणारे दर्शनही मोह ठरू शकते. अखेर २९ मे १९५८ रोजी आपल्या पंढरीत दार उघडले गेले. ज्या मंदिराचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली सानेगुरुजींनी उपोषण केले, त्याच मंदिरात ख्रिस्ती आणि मुसलमान सहकाऱ्यांसह विनोबा विठ्ठलापुढे उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातले नामांकित दरोडेखोर त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवून शरण आले. बंदुकीला बंदूक दाखवणारे शिपाई पुष्कळ झाले. दरोडेखोराच्या आतल्या वैऱ्याशी बोलणारा हा एक.

१९६४ साली ते पवनारला परतले. २५ डिसेंबर १९७४ या दिवशी ख्रिस्तजयंती आणि गीताजयंती एकत्र आल्या. तो योग साधून विनोबांनी वर्षभराचे मौन धरले. त्या वर्षातच, १९७५ साली, देशात आणीबाणी आली. तेव्हाच्या त्यांच्या भूमिकेवर पुष्कळांनी, जवळच्या माणसांनीही, कडक टीका केली. संतचरित्र सांगताना असे पान आम्ही गाळत नाही. लढाई शेवटच्या श्वासापर्यंत असते आणि लढणाराच्या प्रत्येक पावलाबद्दल जगाचे एकमत होत नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याऐंशी. त्यांनी अन्न, पाणी, औषध घेणे थांबवले, रामहरीचे स्मरण ठेवले, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या अमावास्येला, देह ठेवला. जुने झालेले वस्त्र जितक्या सहज उतरावे तितक्या सहज त्यांनी देह सोडला.

आता, वारकरी बंधुभगिनींनो, हे चरित्र आपल्याला कशाला सांगायचे? कारण आपल्या लढाईतही समोरून येणारे वैरी आपण ओळखतो. वरसोलीच्या यात्रेत किंवा साजगावच्या धाकट्या पंढरीत जाणाऱ्या पोराला दारूच्या गुत्त्याची वाट चुकवावी हे आईबाप सांगतातच. पण पाठीमागून येणाऱ्याचे काय? आमच्या कीर्तनकारांच्याच वर्गाचे पाहा. बुवा उभे राहिले की गळ्यात हार पडतो, कपाळी बुक्का लागतो, म्हातारी माणसे वाकून पाया पडतात. नमस्कार नारदाच्या गादीला असतो, पण तो अंगाला चिकटायला किती वेळ लागतो? वारी किती वर्षे झाली याचा आकडा कोणी सांगू लागतो, दुसरा आपली दिंडी पुढे की मागे यावरून भांडतो, तिसऱ्याला आपल्या एकादशीचा गर्व होतो. वैरी आपल्याच पताकेखाली लपून येतो आणि आपण त्यालाच पुढे घालून चालतो.

त्याला उपाय थोडके आहेत, पण रोज करायचे आहेत. पहिला, वचन पाठ हवे. मोहाच्या घटकेला ग्रंथ शोधायला सवड नसते; म्हणून हरिपाठ रोजचा, गीताई रोजची. दुसरा, मोह गेला की कडी लावावी. ज्या चिठ्ठीने माघारी जाता येईल ती चिठ्ठी चुलीत घालावी. तिसरा, कोणी स्तुती केली तर त्याच दिवशी एखादे हलके काम हाती घ्यावे : देवळाचे अंगण झाडावे, दिंडीतली भांडी घासावी. आणि चौथा, आपल्याला दर्शन झाले तरी दाराबाहेर कोण राहिले, तेवढे मागे वळून पाहावे.

कोर्लईच्या देवळात चाळीस दिवसांचा उपास करणारा कोळी असो, की आषाढीला पायी जाणारा आपला माळकरी असो, दोघांच्याही आत तीच सेना उभी आहे आणि सेनापतीही एकच आहे. त्या विठ्ठलाने आपल्या पुढे अभय ठेवावे, पाठीशी नम्रता ठेवावी, आणि मधली सारी वाट नामाने भरून टाकावी, एवढेच त्याच्या चरणी मागणे.

पुंडलीकवरदा हरिविठ्ठल ॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥